घोटा सारखा मुरगळतो, वारी चालता येईल का?

पत्र:

"ताई, नमस्कार. माझं वय ३४. सातारा जिल्ह्यात कृषी खात्यात फिरतीची नोकरी करते. दहावीत असताना तालुक्याच्या खो-खो स्पर्धेत खुंटाला वळसा घालताना उजवा पाय मुरगळला. पंधरा दिवसांनी पट्टी बांधून पुढचे सामने खेळले. तेव्हापासून हा पाय भरवशाचा राहिला नाही. गेल्या तीन वर्षांत सहा वेळा मुरगळला. एकदा नांगरलेल्या रानात, एकदा जिना उतरताना, दोनदा बांधावरून उतरताना. शेवटचा म्हणजे गेल्या परतीच्या पावसात, सोयाबीनचे पंचनामे चालले होते. मी मोबाईलवर फोटो काढत एक पाऊल मागे सरले आणि पाय आतल्या बाजूला दुमडला. तीन आठवडे सूज होती. एक्स-रेत फ्रॅक्चर नाही. डॉक्टर म्हणाले, लिगामेंट सैल झालंय, जपून चाला. दहा दिवस मशीनचा शेक घेतला, थोडे व्यायाम केले, दुखणं थांबलं म्हणून सोडले. आता दुखत नाही, पण सपाट रस्त्यावरसुद्धा मध्येच पाय 'जातो' आणि काळजात धस्स होतं. सासूबाई म्हणतात, गावातल्या एकांकडून पाय ओढून बसवून घे. ऑफिसातले म्हणतात, ऑपरेशन कर. मेडिकलमधून घोट्याचा पट्टा आणलाय, तो घालून असते. सासूबाई चौदा वर्षं माउलींच्या पालखीबरोबर चालतात आणि यंदा त्यांनी मला बरोबर बोलावलंय. मी जाऊ का? व्यायामाने खरंच फरक पडतो, की हा पाय आता असाच?"

ताई, नमस्कार.

जा. पण आजपासून बारा आठवडे रोज वीस-पंचवीस मिनिटं या पायाला द्यायची तयारी असेल तरच. पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते, म्हणजे तेवढा वेळ आपल्या हातात आहे. दहा आठवड्यांनी पाय तयार वाटला नाही, तर पुढच्या वर्षी जाल. सासूबाईंना हे आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे आयत्या वेळी भिडेखातर निघावं लागणार नाही.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. "मोबाईलवर फोटो काढत एक पाऊल मागे सरले." पाय मुरगळला त्या क्षणी तुमचे डोळे पायाखाली नव्हते. बाकीचे प्रसंग आठवून पाहा. जिना उतरताना कोणाशी बोलत होतात का? बांधावर हातात फाइल होती का? बहुतेक वेळा असंच काहीतरी असतं, आणि त्यात तुमचा निष्काळजीपणा नाही. घोट्याने आपलं काम डोळ्यांवर टाकलंय. डोळे दुसरीकडे गेले की त्याला वाली राहत नाही.

हे कसं होतं ते सांगते, कारण ते पटलं नाही तर पुढचे व्यायाम तुम्हाला पोरखेळ वाटतील आणि पुन्हा तिसऱ्या आठवड्यात सुटतील.

उजव्या घोट्याचं बाहेरचं टपोरं हाड बोटाने चाचपा. त्याच्या किंचित पुढे आणि खाली एक मऊ खळगा लागतो. तिथे एक छोटा अस्थिबंध आहे, म्हणजे तुमच्या डॉक्टरांचं लिगामेंट. बाहेरच्या बाजूला असे तीन बंध आहेत, पण पाय आत दुमडला की सगळ्यात आधी हा पुढचा ताणला जातो किंवा तुटतो. खुंटाला वळसा घालताना तुमचा बहुधा हाच गेला. या बंधांचं काम फक्त हाडं बांधून ठेवायचं नसतं. त्यांच्यात मज्जातंतूंची टोकं असतात आणि ती मेंदूला सतत कळवत असतात की पाऊल किती वळलंय, भार कुठे आहे, जमीन कुठे खाली गेलीय. बंध फाटला की ही बातमीची तारही तुटते. ब्रिटिश शल्यविशारद एम. ए. आर. फ्रीमन यांनी १९६५ साली हा विचार मांडला. मुरगळल्यानंतर पाय "जातो" म्हणणाऱ्या रुग्णांना त्यांनी हलत्या फळीवर उभं करून तोल सांभाळायला लावलं आणि त्यांची तक्रार कमी झाली. त्यानंतर या विषयात खूप भर पडली, त्यांच्या कल्पनेत दुरुस्त्याही झाल्या, पण आज आम्ही फिजिओथेरपिस्ट घोट्याला जे शिकवतो त्याची मुळं तिथेच आहेत.

आता "सैल झालंय" याबद्दल. सैलपणा असू शकतो, हाताने तपासून तो कळतोही. पण सैलपणा आणि पाय जाणं यांचं गणित सरळ नाही. चांगला सैल घोटा असलेल्या कबड्डी खेळणाऱ्या मुली मी पाहिल्यात, त्यांचा पाय कधी जात नाही. आणि तपासायला घट्ट लागणारे घोटे रोज दगा देताना पाहिलेत. नडगीच्या बाहेरच्या बाजूने जे स्नायू खाली घोट्यामागून तळपायाकडे जातात, ते पाऊल आत दुमडू नये म्हणून खेचून धरतात. पण पाय दुमडायला लागल्यावर ते जागे झाले, तर तोवर खेळ संपलेला असतो, इतकं ते झटकन घडतं. पाऊल टेकायच्या आधीच ते तयार असावे लागतात. ही तयारी व्यायामाने येते. "जपून चाला" या सल्ल्याने येत नाही. उलट जपून चालणारा माणूस पाऊल आखडून टाकतो, नजर जमिनीत रोवतो आणि डोळ्यांवरचं अवलंबन आणखी वाढवतो.

एकटीच्याच नशिबी हे आलं असं समजू नका. आयर्लंडमध्ये पहिल्यांदा घोटा मुरगळलेल्या लोकांवर वर्षभर लक्ष ठेवलं, तेव्हा त्यातल्या ४० टक्के लोकांचा घोटा वर्षानंतरही अस्थिर होता. तो अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. आणि व्यायामाने फरक पडतो का, या तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर देणारा अभ्यास नेदरलँड्समधला आहे, २००९ सालचा. घोटा मुरगळलेले ५२२ खेळाडू घेतले. सगळ्यांनी नेहमीचे उपचार घेतले, पण निम्म्यांना वर आठ आठवडे घरच्या घरी करायचे तोलाचे व्यायाम दिले. कोणी समोर उभं राहून करून घेतले नाहीत. वर्षभरात नुसते उपचार घेतलेल्यांपैकी ३३ टक्क्यांचा पाय पुन्हा मुरगळला आणि व्यायाम करणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांचा. शून्यावर कोणीच आलं नाही, हेही लक्षात असू द्या. मी तुम्हाला "परत कधीच मुरगळणार नाही" असा शब्द देणार नाही.

व्यायाम सुरू करण्याआधी एकदा तरी हाडांच्या डॉक्टरांकडे किंवा फिजिओथेरपिस्टकडे पाय प्रत्यक्ष दाखवा. जिल्हा रुग्णालयातही ही सोय असते. सांध्याच्या आत खोल दुखत असेल, पाय मध्येच अडकत असेल, घोट्याच्या हाडामागे दोरी सरकल्यासारखं टकटक होत असेल, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल, तर ते आधी सांगा. सहा वेळा मुरगळलेल्या सांध्यात कधी कधी कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, इजा झालेली असते आणि ती साध्या एक्स-रेत सुटून जाऊ शकते. हे मी घाबरवायला लिहीत नाही. माझ्याकडे आलेल्या एका मुलाला मी तीन महिने तोलाचे व्यायाम करायला लावले होते आणि त्याची कूर्चा निखळलेली होती. तो दर वेळी "आत दुखतं" म्हणत होता. मी नीट ऐकलं नव्हतं. ती चूक मला अजून टोचते, म्हणून हे आधी.

आता घरी दोन गोष्टी तपासा.

पहिली: अनवाणी उकिडव्या बसा, दोन्ही पावलं सरळ, टाचा जमिनीला. डावी टाच टेकलेली आणि उजवी उचलली गेलेली दिसते का? वारंवार मुरगळणाऱ्या पायात घोटा पुढे वाकायचा कमी होतो. माणसाला ते जाणवत नाही, कारण तो नकळत पाऊल बाहेर वळवून भागवतो. आणखी नेमकं पाहायचं तर भिंतीसमोर उभ्या राहा. पायाचा अंगठा भिंतीपासून थोडा लांब ठेवा, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. टेकला तर पाऊल जरा मागे घ्या. गुडघा जेमतेम टेकतो तिथे अंगठा ते भिंत हे अंतर शिवणकामाच्या टेपने मोजा. दोन्ही पायांत दीड-दोन सेंटिमीटरहून जास्त फरक असेल, तर आपलं पहिलं काम तेच.

दुसरी: एका पायावर उभ्या राहा, हात कमरेवर, डोळे उघडे, तीस सेकंद. दुसरा पाय किती वेळा टेकवावा लागला ते मोजा. मग तेच भिंतीशेजारी उभ्या राहून डोळे मिटून. डोळे मिटल्यावर डाव्या आणि उजव्या पायात जो फरक दिसेल, त्यात मी वर लिहिलेलं सगळं आहे. आकडे वहीत लिहून ठेवा, तारखेसकट.

पहिले तीन आठवडे. भिंतीपाशी केलेली चाचणी हाच व्यायाम: गुडघा पुढे न्या, दोन सेकंद थांबा, मागे घ्या, असं पंधरा वेळा, दिवसातून दोनदा. पोटरीत ताण आला तर चांगलंच. पण घोट्याच्या पुढच्या बाजूला चिमटा बसल्यासारखं दुखलं, तर जोर करू नका. तो सांधा थेरपिस्टने हाताने मोकळा करायला हवा.

ताकदीसाठी रबरी पट्टा विकत मिळतो, पण सायकलच्या जुन्या ट्यूबनेही काम होतं. जमिनीवर पाय लांब करून बसा, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी. ट्यूबचं एक टोक डाव्या हाताला असलेल्या पलंगाच्या पायाला बांधा, दुसऱ्या टोकाचा फासा उजव्या चवड्याला. आता पाऊल बाहेर, करंगळीच्या दिशेने न्या आणि चार मोजत परत आणा. परत येतानाच घाई होते आणि नेमकं तिथेच मोल आहे, कारण पाय दुमडताना या स्नायूंना ताणाखाली लांबत जाऊन धरून ठेवायचं असतं. गुडघा वळू देऊ नका, फिरतंय ते पाऊलच असायला हवं. पंधरा-पंधराच्या तीन फेऱ्या, एक दिवसाआड.

त्याच दिवशी चवड्यांवर उठणं. आधी दोन्ही पायांवर, मग वर दोन्हींवर जाऊन खाली एकट्या उजव्यावर, मग फक्त उजव्यावर. वीस सलग नीट जमले की समजायचं पोटरी कामाला लागली. वर गेल्यावर भार अंगठ्याखालच्या उशीवर ठेवा, करंगळीकडे कलू देऊ नका. घोट्यातलं आतलं हाड पुढे रुंद आणि मागे निमुळतं असतं. टाच उचलली की निमुळता भाग खाचेत येतो आणि सांध्याला हाडांचा आधार कमी होतो. जिना आणि बांध उतरताना तुमचा पाय जातो त्याचं एक कारण हे आहे: चवडा आधी टेकतो, आणि त्या क्षणी घोटा सगळ्यात उघडा असतो.

आणि तोल. हा तर रोज, सुट्टी नाही. सकाळी दात घासताना अनवाणी एका पायावर उभ्या राहा. खाली पाहा: पावलाच्या वरच्या बाजूला शिरा दिसाव्यात तशा दोऱ्या उडताना दिसतील, कधी अंगठ्याची, कधी बाहेरची. पाऊल थरथरतं, सावरतं, पुन्हा कलतं. बायका मला घाबरून विचारतात, "पाय एवढा का हलतो?" हलू द्या. त्या थरथरण्यातच घोट्याची शिकवणी चाललेली असते. फक्त बोटांनी जमीन गच्च धरू नका, बोटं सैल, भार टाच आणि चवड्यावर.

चौथ्या आठवड्यापासून जमीन बदला. फरशीवर तीस सेकंद पाय न टेकता जमलं, की चौपदरी घडी केलेल्या गोधडीवर. तिथे जमलं, की मान डावीकडे-उजवीकडे फिरवत. मग सासूबाईंना समोरून चेंडू टाकायला सांगा. हलती फळी विकत घ्यायची गरज नाही, गोधडी पुष्कळ आहे.

याच सुमाराला अंगणात रांगोळीने तीन रेषा काढा: मधोमध तुम्ही, एक रेष समोर, एक तिरकी मागे डावीकडे, एक तिरकी मागे उजवीकडे. उजव्या पायावर उभं राहून गुडघा वाकवत डाव्या अंगठ्याने प्रत्येक रेषेवर जितकं लांब जाता येईल तितकं जाऊन फक्त स्पर्श करायचा, भार टाकायचा नाही, आणि परत मध्ये यायचं. पोहोचलात तिथे खूण करा. मग पाय बदला. समोरच्या रेषेवर दोन पायांतला फरक चार सेंटिमीटरच्या आत यायला हवा. दर रविवारी मोजा. रांगोळी रोज पुसली जाते, वही राहते.

कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून उचलणं, वीस वेळा, हेही जोडा. घोट्याच्या तक्रारीत खुब्याचा व्यायाम कशाला, असं वाटेल. पण पाऊल कुठे पडायचं ते ठरतं वरून, आणि अशा पेशंटमध्ये खुब्याचे स्नायू कमकुवत झालेले वारंवार आढळतात.

मग येतो तुमच्यासाठी सगळ्यात मोलाचा भाग. गोधडीवर उजव्या पायावर उभ्या राहा, मोबाईल हातात घ्या आणि फोटो काढा. अंगणातल्या तुळशीचा काढा, दाराचा काढा, झूम करा, फोटो नीट आलाय का बघा. घोट्याने तुमच्या नजरेशिवाय उभं राहायला शिकायचंय, तेही तुमचं मन दुसऱ्या कामात असताना. पेशंट जे काम करताना पडतो, ते काम व्यायामात आणल्याशिवाय मी त्याला सोडत नाही. एका एसटी कंडक्टर ताईंना मी गोधडीवर उभं करून सुट्टे पैसे मोजायला लावले होते. नंतर नांगरलेल्या रानात, दिवसाउजेडी, बूट घालून दहा मिनिटं चाला. सरीतून वरंब्यावर, वरंब्यावरून सरीत. मग तेच शेतकऱ्याशी बोलत.

सातव्या आठवड्यापासून उड्या, पण त्याआधी वीस वेळा चवड्यावर उठणं आणि गोधडीवरचे तीस सेकंद जमायला हवेत. दोन्ही पायांनी छोटी उडी, उतरताना आवाज होता कामा नये, गुडघे मऊ. मग उजव्यावर उतरणं आणि तीन सेकंद तिथेच थांबणं. मग रांगोळीच्या रेषेवरून इकडून तिकडे. वारीत उड्या मारायच्या नाहीत हे मला माहीत आहे. पण ठेच लागते, मागून धक्का बसतो, खड्डा दिसत नाही, तेव्हा शरीर जे करतं ती अर्धी उडीच असते. तुम्ही खो-खो खेळलेल्या आहात, हे तुमच्या पायाला इतरांपेक्षा लवकर आठवेल.

दुखण्याचा नियम साधा ठेवा. दहापैकी तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळी घोटा नेहमीसारखा असला, तर चालेल. संध्याकाळी मोज्याचा वळ नेहमीपेक्षा खोल उमटला, सकाळी घोट्याचं हाड सुजेत बुडलेलं दिसलं, तर एक पायरी मागे या. बंद करू नका, मागे या.

तुमचा मेडिकलमधला तो लवचिक पट्टा ऊब देतो, घोटा आहे याची आठवण देतो, पण पाऊल दुमडायला लागलं तर तो अडवत नाही. अडवणारा ब्रेस वेगळा असतो, दोरीने बुटासारखा आवळायचा किंवा दोन्ही बाजूंना टणक पट्ट्या असलेला. तो बुटात बसतो. शेतात, घाटात, गर्दीत तो वर्षभर वापरा, ब्रेसमुळे पुन्हा मुरगळणं कमी होतं याला चांगला पुरावा आहे. त्याने स्नायू दुबळे होतात ही भीती बाळगू नका. पण व्यायाम करताना आणि घरात तो काढून ठेवा.

पाय ओढून बसवून घेऊ नका. सासूबाईंचा हेतू मायेचा आहे, पण तुमच्या घोट्यात काही निसटलेलं नाही, त्यामुळे बसवण्यासारखंही काही नाही. आधीच ताणलेल्या बंधाला आणखी एक हिसका बसेल एवढंच. आंबेहळदीचा लेप लावायचा असेल तर लावा, त्वचेला सोसत असेल तर हरकत नाही. मशीनच्या शेकाबद्दल मी स्पष्ट बोलते: तुमचे ते दहा दिवस वाया गेले असं नाही, दुखणं कमी झालं. पण दुखणं थांबलं त्या दिवशी खरं काम सुरू व्हायला हवं होतं आणि त्याच दिवशी ते संपलं. यात तुमच्याइतकाच दोष आमच्या धंद्याचा आहे. दुखत नाही म्हटल्यावर पेशंटला "या आता" म्हणणं सोपं असतं.

पुन्हा मुरगळलाच, तर एवढं लक्षात ठेवा: लगेच चार पावलंही टाकता आली नाहीत, किंवा घोट्याच्या हाडांच्या मागच्या कडेवर अथवा टोकावर, करंगळीच्या बाजूने पावलाच्या मध्यावर, किंवा आतल्या बाजूला कमानीच्या वरच्या हाडावर दाबल्यावर कळ आली, तर एक्स-रे काढा. कॅनडातल्या ओटावा शहरात १९९२ साली तयार झालेले हे नियम आता जगभर वापरतात. नाहीतर दोन-तीन दिवस पाय उंच, पट्टी, आणि सोसेल तसं लवकर चालायला सुरुवात.

ऑपरेशनचं आत्ता मनातही आणू नका. तीन ते सहा महिने नीट व्यायाम करूनही पाय जात राहिला आणि तपासणीत सैलपणा स्पष्ट असला, तर विचार करायचा. स्वीडनचे ब्रोस्ट्रॉम यांनी १९६६ साली मांडलेली, तोच फाटलेला बंध आवळून शिवण्याची पद्धत सुधारित रूपात आजही वापरतात आणि तिचे निकाल चांगले आहेत. पण त्यानंतरही गोधडी, ट्यूब आणि रांगोळी चुकत नाही.

आता वारी. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. पहिल्या आठवड्यापासून आठवड्यातून तीनदा चाला, सुरुवात चार-पाच किलोमीटरने, त्यातला एक दिवस लांबचा. दर आठवड्याला लांबच्या दिवशी दीड-दोन किलोमीटर वाढवा. दहाव्या आठवड्यात लागोपाठ दोन दिवस अठरा-वीस किलोमीटर चालून पाहा, वारीत घालणार तेच बूट आणि तोच ब्रेस घालून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घोटा ठीक असेल तर तुम्ही निघालात. सुजला, तर यंदा लोणंद ते फलटण एवढेच मुक्काम सासूबाईंबरोबर चाला. ते तुमच्या जिल्ह्यातलेच आहेत.

पुण्याहून सासवडचा टप्पा सगळ्यात लांबचा, दिवे घाटाचा. तिथे चढ आहे, चढ तुमच्या पायाला मानवेल. भीती उताराची आणि कडेची. गर्दी टाळायला बायका रस्त्याच्या साइडपट्टीवरून चालतात. डांबर संपतं तिथली कड तुटलेली असते आणि रस्ताही कडेला कललेला असतो, त्यामुळे दिवसभर एक पाऊल आत झुकलेलं राहतं. तुम्ही डांबरावरच, जमेल तितक्या मधून चाला. वेळापूरच्या उतारावर धावा असतो, सगळे "माउली, माउली" करत पळत सुटतात. यंदा तुम्ही चालत उतरा, कडेने सासूबाईंचा हात धरून. माउली समजून घेतील.

आणि एक, जे कोणी सांगत नाही. मुक्कामावर पहाटे तीन-चारला उठून अंधारात रानात जावं लागतं. झोपेत, स्लीपर पायात, ढेकळं, तंबूच्या ताणलेल्या दोऱ्या. डोळ्यांचा आधार नाही आणि घोटा रात्रभराचा आखडलेला. दिवसभराच्या गर्दीपेक्षा मला या दहा मिनिटांची काळजी जास्त आहे. उशाशी बॅटरी ठेवा, बूट नीट बांधूनच बाहेर पडा, आणि उठल्याबरोबर अंथरुणातच पाऊल दहा वेळा वर-खाली करा. संध्याकाळी राहुटीत पोहोचलात की एक मिनिट एका पायावर उभं राहायचं, रोज, वारीतही.

या रविवारी भिंतीपाशी दोन्ही पायांचं अंतर मोजा, आणि डोळे मिटून तीस सेकंदांत उजव्यावर उभ्या असताना दुसरा पाय किती वेळा टेकवावा लागला, डाव्यावर असताना किती वेळा, ते चारही आकडे मला लिहून पाठवा. चार आठवड्यांनी पुन्हा तेच चार आकडे पाठवा, मग पुढचं ठरवू.